पाखरांच्या पुढ्यात काय ठेवाल?

मार्च सरत आला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर, कुठेही जा, गच्चीच्या कठड्यावर आणि अंगणातल्या लिंबाखाली मातीची परळं दिसू लागतात. कुणाच्या मुलाने शाळेतून आणलेलं असतं, कुणाला एखाद्या मंडळाने वाटलेलं असतं, कुणी फुटक्या माठाचं बूडच कामाला लावतं. त्याच्या शेजारी मूठभर ज्वारी, कालची पोळी, कधी भात, कधी पुडीतली उरलेली शेव. पारा 44-45 अंशांवर जातो त्या दिवसांत दुसऱ्या जिवाची आठवण ठेवणारी ही माणसं आहेत आणि मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. द्यावं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण काय द्यावं हे आपण आपल्या ताटावरून ठरवतो. ते त्या पाखराच्या चोचीवरून आणि पोटावरून ठरवायला हवं. घरात पिंजऱ्यात पाळलेला पक्षी असो की गच्चीवर उतरणारा रानातला, दोघांच्या बाबतीत हीच गोष्ट आहे.

आधी मिठाचं बोलू, कारण सर्वांत जास्त चूक तिथे होते. चिमणीचं वजन 25 ते 30 ग्रॅम. आपलं 60 किलो धरा. म्हणजे चिमणीने एक ग्रॅम शेव खाल्ली तर वजनाच्या हिशेबाने आपण दोन किलो शेव खाल्ल्यासारखं झालं. खान्देशात शेव, पापडी, गाठी, फरसाण प्रत्येक घरात असतं आणि डब्याच्या तळाशी राहिलेला चुरा सहज बाहेर टाकला जातो. पाखरं तो खातात. ती खातात म्हणून त्यांना तो आवडतो आणि आवडतो म्हणून मानवतो, असा आपला समज होतो. समुद्रावरच्या पक्ष्यांना जास्तीचं मीठ गाळून टाकणारी ग्रंथी डोळ्यांजवळ असते. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांच्यापाशी ती सोय नाही. अंगातलं मीठ बाहेर काढायला त्यांना पाणीच लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात तेच मिळायची मारामार. म्हणून फरसाण, वेफर, खारे शेंगदाणे, खारी, लोणच्याच्या हाताने कुस्करलेली पोळी यांतलं काहीही पाखराच्या वाट्याला जाऊ देऊ नका.

भाकरीचं काय, असं विचाराल. ज्वारीच्या साध्या भाकरीत आपण मीठ घालत नाही, तेव्हा तिचा बारीक कुस्करा थोडासा चालतो. कळण्याच्या भाकरीचं मात्र तसं नाही. ज्वारी आणि उडदाबरोबर दळतानाच त्यात मीठ पडलेलं असतं, ते दिसत नाही. ती आपण ठेच्याबरोबर खावी, पाखरांना घालू नये. पोळीच्या कणकेतही बहुतेक घरी मीठ असतंच. पावाने पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. तलावावर बदकांपुढे आणि माशांपुढे पावाचे तुकडे फेकायची हौस सगळीकडे दिसते. न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो आणि पाणीही नासवतो.

भाताबद्दल एक गैरसमज मोबाइलवरून फिरत असतो, की कच्चा तांदूळ पोटात फुगून पाखरू मरतं. हे खरं नाही. शेतातलं भात पाखरं पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. तांदळाची कणी खुशाल द्या. शिजवलेला बिनमिठाचा भातही चालतो, पण आपल्याकडच्या उन्हात सकाळी ठेवलेला भात दुपारपर्यंत आंबतो. तो अर्ध्या तासात संपेल एवढाच ठेवायचा आणि उरला तर उचलायचा.

मग द्यायचं काय? जे आपल्या शेतात पिकतं तेच. बाजरी ही चिमणी, मुनिया आणि सुगरणीच्या चोचीला सर्वांत सोयीची. राळं, भगर, तांदळाची कणी यांचंही तसंच. ज्वारी चिमणी फोडते, पण होले आणि पारवे ती अख्खी गिळतात. तुमच्याकडे दादर ज्वारी असेल तर जाडसर भरडून ठेवली तरी हरकत नाही. बुलबुल, साळुंकी, कोकीळ, तांबट, हळद्या या मंडळींना धान्यात रस नाही. त्यांच्यासाठी पिकलेल्या केळ्याची फोड, पपईची फोड, पेरू, चिकू, बोरं, उंबराची फळं ठेवा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. बाजारात न जाणारी डागी केळी घरात असतातच. साल काढून अर्धं केळं खिळ्याला टोचून ठेवलं तर बुलबुलांची जोडी रोज येईल. संध्याकाळी उरलेलं मात्र काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि माश्या लागतात आणि रात्री उंदीर येतात.

दाणे जमिनीवर विखरण्यापेक्षा बाजरीची किंवा ज्वारीची कणसं झुपका बांधून ओसरीला टांगणं फार चांगलं. आपल्या जुन्या घरांत खळं झाल्यावर असा झुपका टांगायची पद्धत होती. कणसाला लटकून दाणा काढणं चिमणीला जमतं, पारव्याला जमत नाही. त्यामुळे ज्याच्यासाठी ठेवलं त्यालाच ते मिळतं. दाणे जमिनीवर पडून भिजत नाहीत, त्यांना बुरशी येत नाही, मांजराला दबा धरता येत नाही. चौकात पोत्याने धान्य ओतलं की फक्त पारव्यांची संख्या वाढते आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाऊन माणसांची फुप्फुसं बिघडतात. 2025 मध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला आणि तो न्यायालयात कसा गेला ते आपण वाचलं आहे. आपल्या शहरांत अजून ती वेळ आलेली नाही. येऊ द्यायची नसेल तर मूठभर घाला, पोतं नको.

आता शेतकरी बंधुभगिनींसाठी एक गोष्ट. ती माझ्या दृष्टीने या लेखातली सर्वांत महत्त्वाची आहे. पेरणीच्या दिवसांत कपाशी, मका, ज्वारी, बाजरीचं पाकीटबंद बियाणं घरात येतं. ते लाल, गुलाबी, निळं, हिरवं असतं. तो रंग शोभेचा नाही. थायरम, इमिडाक्लोप्रिड अशी औषधं लावलेली आहेत, ही त्याची खूण आहे. पेरणी झाली, पाकिटात दोन मुठी मका उरला, वाया कशाला घालवायचा म्हणून तो कोंबड्यांपुढे नाहीतर अंगणात पाखरांपुढे टाकला जातो. मक्याच्या एका दाण्याला लागलेलं औषधसुद्धा लहान पाखराचा जीव घ्यायला पुरेसं असू शकतं. धुतल्याने ते पुरतं जात नाही, कारण काही औषध दाण्याच्या आतही उतरतं. मोर, होले, तितर पेरलेल्या ओळीतले उघडे दाणे टिपतात आणि बांधावर मरून पडतात, अशा बातम्या येतात त्यामागे बहुतेकदा हेच असतं. तेव्हा रंगीत बियाणं कोणत्याही पाखराला घालू नका. पेरताना सांडलेले दाणे, विशेषतः वळणावर आणि बांधालगत, पायाने माती ओढून झाका. उरलेलं बियाणं विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. आणि रागाने, पीक राखण्यासाठी, दाण्याला औषध लावून ठेवायचा विचार मनात आणू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय मेलेलं पाखरू खाऊन कुत्रं, घार, मुंगूसही मरतं.

घरातल्या साठवणीच्या धान्याचंही असंच. बोरिक पावडर चोळलेलं किंवा किडीच्या गोळ्या ठेवलेलं धान्य आपण धुऊन, निवडून खातो. पाखरांना मात्र कोठीतून काढून तसंच टाकतो. त्यांच्यासाठीचं धान्य औषध न लावता वेगळ्या डब्यात ठेवा. बुरशी धरलेले शेंगदाणे आणि मका तर मुळीच नको. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या एकाएकी मेल्या, तेव्हा शोध घेता घेता कारण सापडलं ते त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख जगाला झाली ती पक्ष्यांच्या या मरणातून. आपल्याकडे पावसात भिजलेली शेंग किंवा काळा पडलेला मका "पाखरांना घालू" म्हणून बाजूला काढला जातो. माणसाला चालत नाही ते पाखराला चालेल, हा समज सोडा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जळगाव-धुळ्यात दाण्यापेक्षा पाण्याने जास्त जीव वाचतात. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, गळा थरथरवत तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि त्यात अंगातलं पाणी झपाट्याने जातं. परळाशेजारी थोडा वेळ शांत बसून बघा. चिमणी चोचीत थेंब घेते, मान वर करते, गिळते, पुन्हा वाकते. होला आणि पारवा तसं करत नाहीत. ते चोच बुडवून एका दमात पाणी ओढून घेतात, मान वर करायची त्यांना गरज पडत नाही. साळुंकीला आधी अंघोळ हवी असते, मग पिणं. म्हणजे एकाच भांड्यात तिघांचं काम भागवायचं आहे. त्यासाठी भांडं पसरट हवं, पाणी बोटाच्या दोन पेरांएवढंच हवं आणि मधोमध एक खडबडीत दगड हवा, म्हणजे पिल्लू पडलं तरी बाहेर येतं. भांडं मातीचं. स्टीलचं दुपारी चटका देतं, प्लास्टिकच्या कडेवर पाय घसरतो. सावलीत ठेवा, पण मांजर लपेल अशा झुडपाला चिकटून नको. रोज सकाळी पाणी फेकून राखेने किंवा घासणीने भांडं घासा, साबण नको. रोज पाणी बदललं तर डासांची अळी होत नाही, कारण तिला डास व्हायला आठवडाभर लागतो. गावाला जाणार असाल तर भांडं भरून ठेवून जाऊ नका. शेजारच्या ताईंना सांगा, नाहीतर पालथं घाला.

स्वच्छतेचा आग्रह खान्देशाने तरी जास्त धरायला हवा. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही तो निघाला. 2021 मध्ये नवापूरला पुन्हा तेच झालं. ज्यांची पोल्ट्री बुडाली त्यांना हे आठवण करून द्यायला नको. रानपाखरांवर त्याचा राग काढण्यात अर्थ नाही, पण दोन गोष्टी पाळाव्यात. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी रानपाखरांचं दाणापाणी कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांब ठेवावं. आणि एका जागी बरीच पाखरं मेलेली दिसली तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

आखाजीची गोष्ट वेगळी. त्या दिवशी घरोघर घागर भरतात, पितरांना आगारी टाकतात, कावळ्याचा घास काढतात. पुरणपोळी, सांजोरी, आमरस, कुरडई. कावळा सगळं खाणारा आणि पचवणारा पक्षी आहे, वर्षातून एक-दोनदा गोडाच्या घासाने त्याचं काही बिघडत नाही. रीत आहे तशी पाळा. घासात तळणाऐवजी पोळी आणि साधा भात जास्त असू द्या. घासाजवळ पाणीही ठेवा, आखाजी भर उन्हाळ्यात येते. घास प्लास्टिकच्या द्रोणात ठेवू नका. पळसाच्या पानावर ठेवला तर पान उडालं तरी मातीत मिळून जातं. पितृपक्षातही एवढंच सांभाळा.

असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता खान्देशात पाठ नाही असं घर सापडणार नाही. त्या सुगरणीबद्दल एक माहिती फार थोड्यांना असते. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना किडे भरवते. चिमणीचंही तेच. पहिल्या दिवसांत पिल्लाला अळ्या, नाकतोडे, कोळी लागतात. दाण्याने त्याचं अंग भरत नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो आणि त्या दिवशी घरटी वाटली जातात, ते चांगलंच आहे. पण घरटं टांगलं, खाली बाजरी ठेवली आणि अंगणातल्या जास्वंदीवर मावा दिसताच औषधाचा फवारा मारला, तर पिल्लाच्या तोंडचा घास आपणच काढून घेतला. परसबागेत फवारणी थांबवणं हेसुद्धा पाखरांना खायला घालणंच आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

आता पाळलेल्या पक्ष्यांकडे वळतो. पहिल्यांदा कायदा. आपला हिरवा पोपट, ज्याला घरोघरी मिठू म्हणतात, तसेच मैना, मुनिया हे सगळे देशी पक्षी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. बाजारात कुणी पोपटाची पिल्लं आणली तर दया येऊन विकत घेऊ नका. तुमच्या पैशातून पुढच्या वर्षीची ढोली फोडली जाते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. घरात आधीपासून मिठू असेल तर त्याला एकदम उडवूनही देऊ नका. वर्षानुवर्षं आयतं खाल्लेल्या पक्ष्याला बाहेर अन्न शोधता येत नाही. वनविभागाशी बोला, ते काय करायचं सांगतील. तोवर चहात बुडवलेलं बिस्कीट बंद करा. चहातलं कॅफीन त्याच्या हृदयाला सोसत नाही आणि बिस्किटात साखर, तूप, मीठ तिन्ही आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरू, पालेभाजी, गाजर द्या. हिरवी मिरचीही द्या. पक्ष्याच्या जिभेला मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, ती क्रूरता मुळीच नाही. फक्त बाजारातली मिरची फवारणीची असते, नीट धुऊन द्या.

परदेशातून आलेल्या जातींचे पक्षी, म्हणजे ऑस्ट्रेलियातले बजरीगर आणि कॉकाटिएल, आफ्रिकेतले लव्हबर्ड, आपल्याकडे अनेक घरांत आहेत. मुलं हट्ट करतात, दुकानदार एक किलो मिक्स दाणे बांधून देतो आणि आयुष्यभर तेवढ्यावरच त्या पक्ष्याचं चालतं. ही बहुतेक पाळलेल्या पक्ष्यांच्या अकाली मरणाची सुरुवात असते. ऑस्ट्रेलियाच्या माळावरचा बजरीगर गवताचं अर्धंकच्चं बी खातो आणि दिवसभर उडतो. पिंजऱ्यातला वाळलेलं बी खातो आणि बसून राहतो. सूर्यफुलाच्या बियांत तेल फार. ते आधी वेचून खाल्लं जातं, चरबी चढते, काळीज म्हणजे यकृत बिघडतं. नुसत्या दाण्यात जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम जवळजवळ नसतं. मग नाक वाहायला लागतं, शिंका येतात, मादीचं अंडं पोटात अडकतं. दुकानातून औषध आणलं जातं, खाणं मात्र तेच राहतं.

बदल सोपा आहे. दाण्यांत राळं, भगर, बाजरी जास्त आणि सूर्यफूल नावापुरतं ठेवा. एका बजरीगरला दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणे पुरतात. सकाळी भूक असते तेव्हा दाण्यांच्या आधी पालेभाजी द्या: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक अधूनमधून, कारण त्यातलं आम्ल कॅल्शियम अडवतं. मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम, पण मे महिन्यात दोन तासांत उचला. केळं, पपई, पेरूची नखाएवढी फोड हा खाऊ समजा, जेवण नव्हे. खाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पिंजऱ्याला बांधा, नाहीतर उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाचा चुरा ठेवा. जन्मभर दाण्यांवर राहिलेला पक्षी पहिल्या दिवशी मेथीकडे बघणारही नाही. त्याला उपाशी ठेवून शिकवू नका. रोज ठेवत राहा, तुम्ही स्वतः त्याच्यासमोर एक पान खाऊन दाखवा, काही आठवड्यांत तो चोच लावतो.

दाण्याच्या वाटीत रोज डोकावून बघा आणि वरून हलकी फुंकर मारा. बजरीगर दाणा सोलून खातो आणि साल पुन्हा वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी भरलेली दिसते, घरचे निर्धास्त असतात आणि आत नुसती फोलपटं असतात. दोन-तीन दिवस असं झालं की एवढासा जीव भुकेने मरतो आणि "भरल्या वाटीवर कसा मेला" असं घरातल्यांना वाटत राहतं. फोलपटं उडवा, खाली दाणे किती उरले ते बघा, मग भरा.

काही पदार्थ पाळलेल्या पक्ष्यांना कधीच नकोत. अॅव्होकाडो आता आपल्या बाजारातही दिसतं, पक्ष्यांना ते विष आहे. चॉकलेट, कॉफी, चहा, दारू, तळलेलं, खारट. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून भरिताचं ताट हातात असताना कांद्याच्या पातीचा तुकडा पिंजऱ्यात सरकवू नका. सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळूची कोय काढून टाका. कच्चा वाळलेला राजमा नको. दूध पक्ष्याला पचत नाही. आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. फोडणीचा आणि वांगी भाजण्याचा धूर त्याच्या छातीला त्रास देतोच, पण रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतो, आपल्याला काही कळायच्या आत.

घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर पहिला हात दुधाच्या वाटीकडे जातो. तो आवरा. चोच उघडून दूध किंवा पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर हाकला आणि लांब व्हा. पिसं नसतील आणि घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून पाखरं पिल्लू टाकत नाहीत. घरटं सापडत नसेल तर खोक्यात कापडावर ठेवून उबेत, अंधारात ठेवा आणि 1926 ला फोन करा किंवा जवळच्या पक्षिमित्रांना विचारा. होल्याच्या किंवा पारव्याच्या पिल्लाला तर आईबाप आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा चारा भरवतात. आपल्या घरातल्या कोणत्याच वाटीत तो नाही.

बरेच पक्षी असे आहेत की त्यांच्यासाठी आपल्याला काही मांडताच येत नाही. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर उत्तरेकडून येणारी बदकं पाण्यातली वनस्पती, बी, किडे खातात. त्यांना पावाची गरज नाही, शांततेची आहे. शिंजिराला साखरेचं पाणी ठेवलं तर आपल्या उन्हात ते तासाभरात आंबतं. त्याला केळफुलातला आणि पळसाच्या फुलातला रस हवा. रानपिंगळ्याचं तर सांगायलाच नको. 1884 नंतर कुणालाही न सापडलेला हा छोटा पिंगळा 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. तो सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे खातो. यावलच्या जंगलातही तो आहे. त्याला खायला घालणं म्हणजे सातपुड्याचं जंगल राखणं.

म्हणून दाण्याच्या जोडीला झाडाचाही विचार करा. उंबर बारा महिने फळतो आणि त्यावर तांबटापासून कोकिळेपर्यंत सगळे येतात. बोर, भोकर, जांभूळ, मोह, वड, पिंपळ, पळस, काटेसावर ही आपली झाडं आहेत, कमी पाण्यावर तगतात. पावसाळ्याच्या तोंडाला लिंबोळ्या पिकल्या की बुलबुल आणि साळुंक्या लिंबावरून हलत नाहीत. शोभेच्या परदेशी झाडावर त्यांना तसं काही मिळत नाही. यंदा पहिला पाऊस झाला की कॉलनीच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या कुंपणाला किंवा शेताच्या बांधावर एक उंबर आणि एक बोर लावा, पहिले दोन उन्हाळे त्यांना न चुकता पाणी घाला आणि तोवर परळ रोज घासून भरत राहा.